पाटील मॅडम आणि मागची दोन चाकं

आमच्या जळगावच्या शाळेत निवृत्तीच्या समारंभात एक प्रश्न ठरलेला असे. शाल-श्रीफळ झालं की मुख्याध्यापक माईक पुढे करून विचारत, "आता पुढे काय?" आणि निवृत्त होणारा माणूस आवाज जरा जड करून सांगे, नातवंडं, वाचन, थोडं देवदेव. आदल्या वर्षी मीही तेच सांगितलं होतं. तेव्हा मला नातवंड नव्हतं आणि देवाशी माझं फारसं बोलणंही नव्हतं, पण माईक समोर आला की माणूस असंच काहीतरी बोलून जातो.

विमल पाटील मॅडमनी माईक घेतला. मुख्याध्यापक उंच, मॅडम बुटक्या. म्हणून आधी त्यांनी माईकचा दांडा नीट खाली केला, स्क्रू आवळला, तो हलतो का ते पाहिलं, आणि मग म्हणाल्या, "मी स्पोर्ट्‌स कार घेणार आहे. फक्त मागच्या चाकांची घ्यावी की चारी चाकांची, एवढं अजून ठरलेलं नाही."

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी तर डोळे पुसले. मॅडम टाळ्या थांबेपर्यंत शांत उभ्या राहिल्या.

"यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे? प्रश्न सुटलेला नाही," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी. माझ्या वर्गावरून जाताना त्या दारात थबकायच्या आणि मधल्या सुट्टीत हिशोब मागायच्या. "चौधरी, 'मंद वारा' म्हणजे किती? झेंडा हलतो की नाही?" कवितेतल्या वाऱ्यानं झेंडा हलतो का, हे मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणत, दुकानातून हिंग आणायचा राहून जावा तसं. जळगावातच, मेहरूणला तलावाजवळ दोन खोल्यांचं घर होतं. रोज सकाळी तलावाला फेरी मारायच्या, पण उलट्या दिशेनं. सगळं मेहरूण एका बाजूनं चालायचं आणि मॅडम समोरून यायच्या. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सगळ्यांबरोबर चाललं की नुसत्या पाठी दिसतात. असं चाललं की प्रत्येकाचं तोंड एकदा दिसतं. शिवाय कोणाबरोबर बोलत चालावं लागत नाही."

माणसांना त्या गुण द्यायच्या. दहापैकी. नव्या शिपायाला सात, शिक्षणाधिकाऱ्याला तीन, माझ्या पत्नीला नऊ. मला किती, ते कधी सांगितलं नाही. "तुमचा पेपर अजून तपासायचा आहे," म्हणायच्या.

गाडीचं वेड कुठून आलं, याचा माग काढायचा तर मी सहलीच्या बसपाशी जाऊन थांबतो. एका वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आम्ही मुलांना घेऊन चाळीसगावच्या बाजूला गेलो होतो. परतताना ड्रायव्हरनं समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला वाट द्यायला बस कडेला घेतली आणि मागची चाकं काळ्या मातीत रुतली. तेव्हाचे मुख्याध्यापक धडाडीचे. त्यांनी धोतर खोचलं, सगळ्या मुलांना खाली उतरवलं, पुरुष शिक्षकांना मागे लावलं आणि "जोर लगाव" सुरू केलं. चाकं गरगर फिरत होती आणि बस आणखी खाली जात होती. मॅडम बांधावर बसून शेंगा खात होत्या.

दहा मिनिटांनी त्या उठल्या. "सर, ही बस मागच्या चाकांवर चालते. मुलं खाली उतरवून तुम्ही मागचं वजन काढून घेतलंत. वजन नाही तर पकड नाही. सगळ्या मुलांना आत घ्या आणि मागच्या बाकांवर कोंबा."

"मॅडम, रुतलेल्या बसमध्ये कोणी वजन वाढवतं का?"

"एकदा वाढवून बघा. नाही निघाली तर मी एकटी ढकलीन."

चाळीस मुलं शेवटच्या चार बाकांवर एकमेकांच्या मांडीवर बसली. मॅडमनी चाकांपुढे तुरीच्या काटक्या टाकायला लावल्या आणि ड्रायव्हरला हळू क्लच सोडायला सांगितलं. बस हिसका देऊन निघाली. मुख्याध्यापक अजून मागेच उभे होते, हात टेकवून. चाकांनी उडवलेला चिखल त्यांच्या कपाळापासून धोतरापर्यंत एकसारखा बसला. मॅडमनी खिडकीतून डोकं काढलं. "सर, बाजूला व्हा म्हणणार होते मी. पण वेळच कमी होता."

वेळ भरपूर होता, हे चाळीस मुलांना माहीत होतं.

तर निवृत्तीनंतर त्यांनी तो न सुटलेला प्रश्न हातात घेतला. मला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून मला समजेल असं त्यांनी सांगितलं. इंजिनाची ताकद शेवटी कुठल्या तरी चाकांना द्यावी लागते. आपल्या घरगुती गाड्यांत ती बहुधा पुढच्या दोन चाकांना मिळते. वेगासाठी बनवलेल्या गाड्यांत मात्र दोन घराणी आहेत. एकात पुढची चाकं फक्त वळतात आणि मागची दोन ढकलतात. दुसऱ्यात चारी चाकं ओढतात. चारी चाकांची गाडी ओल्या रस्त्यावर कमी घसरते, जागेवरून सुसाट निघते, पण जड असते. मागच्या चाकांची हलकी, चपळ, आणि वळणावर जास्त रेटा दिला की तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो.

"मग चारी चाकांची घ्या. त्यात ठरवायचं काय?" मी म्हणालो.

"म्हणूनच तुम्ही मराठी शिकवता," त्या म्हणाल्या.

बातमी तलावावर पोचली आणि सकाळी फिरणाऱ्यांत तट पडले. निवृत्त उपअभियंता चारी चाकांच्या बाजूचे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मागच्या चाकांच्या बाजूचे, ते केवळ उपअभियंत्यांशी जुनं वाकडं होतं म्हणून. बाकावर बसून तास तास वाद चाले. वाद घालणाऱ्यांपैकी एकानंही स्पोर्ट्‌स कार जवळून पाहिलेली नव्हती. मॅडम समोरून येत, दोन्ही बाजूंना मान डोलवून पुढे जात.

खरा विरोध दोंडाईच्याहून आला. मॅडमचा धाकटा भाऊ रमेश तिथे मिरचीचा व्यापार करतो. त्याला सगळे नाना म्हणतात, मॅडम रम्या म्हणतात. भारी शरीर, भारी आवाज, आणि बहिणीवर जीव. अक्का एकटी राहते याची त्याला कायम काळजी. तो ऐकल्याबरोबर गाडी काढून मेहरूणला आला. मी तिथेच चहा पीत होतो.

"अक्का, येडी व्हयनी का तू?" दारातूनच अहिराणीत सुरुवात झाली. "बठ्ठा गाव हासी राहिना. दोन दारनी गाडी! मी, मनी बायको, पोरं, आमी कोठे बसानं?"

"घरी," मॅडम म्हणाल्या.

नाना माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही समजावा. या वयात गाडी घ्यायचीच तर उंच, भक्कम, चार दारांची घ्यावी. आणि ही म्हणते मागची दोन चाकं!" मग पुन्हा बहिणीकडे. "घेवानीच व्हई ते चारी चाकनी घे. चारी चाकं धरी ठेवतीन तुले. ब्रेकबी चांगला लागस."

"चुकलं," मॅडम म्हणाल्या. "थांबताना सगळ्याच गाड्यांची चारी चाकं थांबतात. चारी चाकांची ओढ पळवायला मदत करते, थांबवायला नाही. लोक नेमके इथेच फसतात. सुटली झोकात, म्हणून थांबेलही झोकात असं समजतात." पण मग म्हणाल्या, "तुझं सगळंच चुकीचं नाही, रम्या. मला मागच्या चाकांची आवडते, आणि आवडते म्हणूनच माझा माझ्यावर विश्वास नाही. प्रयोग करावा लागेल."

आधी नाशिकला जाणं झालं. तिथे जुन्या भारी गाड्या विकणारा एक दुकानदार होता. बरोबर मला नेलं. टाय लावलेला विक्रेता धावत आला आणि थेट माझ्याशी बोलू लागला. सर, सीट बघा. सर, आवाज ऐका. सर, तुमच्या पर्सनॅलिटीला लाल शोभेल. मी दोनदा तोंड उघडलं, पण मॅडमनी डोळ्यानं दटावलं. त्यांना मजा येत होती. वीस मिनिटं तो मला गाडी विकत होता. शेवटी मी म्हणालो, "अहो, मला स्कूटरसुद्धा फक्त सरळ चालवता येते."

मग तो मॅडमकडे वळला. "मॅडम, ही चारी चाकांची आहे. एकदम सेफ."

मॅडमनी पर्समधून वर्तमानपत्र काढलं, फरशीवर पसरलं, पदर खोचला आणि चक्क आडव्या होऊन, दिखाव्यासाठी फळ्यांवर उंच चढवलेल्या त्या गाडीखाली मोबाईलच्या उजेडात पाहू लागल्या. दुकानातली सगळी माणसं गोळा झाली.

"पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा कुठे आहे?" खालून आवाज आला.

"मॅडम, तो आत असतो."

"कशाच्या आत? या इकडे, दाखवा."

"मॅडम, मी... टाय..."

"टाय खिशात घाला."

पुढची पाच मिनिटं एक निवृत्त शिक्षिका आणि एक विक्रेता गाडीखाली शेजारी शेजारी पडून होते आणि आतून तासाचे सूर येत होते. "हा गिअरबॉक्स. हा दांडा मागे गेला. पुढे काही गेलं का? हात लावून बघा. नाही ना? मग ही किती चाकांची झाली?" विक्रेता बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांना जळमटं लागली होती. "दोन चाकांची, मॅडम," तो वर्गात म्हणावं तसं म्हणाला. मॅडमनी त्याला पाच गुण दिले. "उशिरा कळलं, पण कळलं."

मोठा प्रयोग नरडाण्याला झाला. मॅडमचा एक जुना विद्यार्थी तिथल्या औद्योगिक वसाहतीत कारखाना चालवतो. त्याच्याकडे जुनी जीप होती. तिच्यात एक दांडा ओढला की मागची दोन चाकं चालायची, दुसरीकडे ढकलला की चारी. "स्पोर्ट्‌स कारची चारी चाकं आणि जीपची चारी चाकं सारखी नव्हेत," मॅडमनी आधीच बजावलं, "पण स्वभाव कळेल." विद्यार्थ्यानं मोकळ्या प्लॉटवर टँकरनं पाणी मारून ठेवलं होतं. मॅडम चालवणार आणि शेजारी साक्षीदार म्हणून नाना बसणार, असं ठरलं. मी साक्षीदार व्हायला नकार दिला होता.

पहिल्या फेरीला चारी चाकं. जीप शहाण्या बैलासारखी निघाली. वळताना मॅडमनी वेग वाढवला तेव्हा तिचं नाक वळायचं सोडून सरळ पुढे घसरत राहिलं, पण ती फिरली नाही. नाना खिडकीतून ओरडला, "पाहा सर, मी काय सांगी राहिंतू?"

मग मॅडमनी दांडा ओढला. तेच वळण, तोच वेग. जीपचा मागचा भाग एकदम बाहेर निघाला आणि जीप चिखलात गरकन फिरली. "अक्का, थांबाड! थांबाड वं!" नानानं वरची कांब दोन्ही हातांनी धरली होती आणि दोंडाईच्यापासून सप्तशृंगीपर्यंतच्या सगळ्या देवांना हाका मारल्या होत्या. मॅडमनी पुन्हा फेरी घेतली, पुन्हा फिरली. तिसऱ्या वेळी मागचा भाग सुटताच त्यांनी स्टिअरिंग उलट्या बाजूला दिलं, आणि जीप तिरकी तिरकी वळण काढून बाहेर सरळ झाली.

इंजिन बंद झालं.  नानानं कांब सोडली. मग त्या भारी आवाजाचा मालक अगदी हळू म्हणाला, "अक्का. आखो एक दाव." आणखी एकदा.

परत येताना मॅडमनी निर्णय सांगितला. "चारी चाकांनी माझी चूक झाकली. मी वेग जास्त ठेवला होता, तरी तिनं सांभाळून घेतलं. मागच्या चाकांनी दोनदा तोंडावर सांगितलं, चुकलीस म्हणून. जन्मभर मी मुलांच्या वहीवर लाल पेन चालवला. आता माझ्या वहीवर चालवणारं कोणीतरी हवं. ज्याला पावसात घर गाठायचंय, लेकरं मागे बसवायचीत, त्यानं चारीच घ्यावी. मला कुठेच पोचायचं नाहीये." घरी पोचताच त्यांनी नाशिकला फोन लावला. "ती तुमची चारी चाकांची गाडी, जिची दोनच चाकं फिरतात, ती आहे का अजून? ठेवा. येतेय."

लाल गाडी मेहरूणला आली आणि आठवडाभर तलावाच्या फेऱ्या बंद पडल्या. सगळे मॅडमच्या दारात. गाडी इतकी बुटकी की मॅडम पहिल्यांदाच कशापेक्षा तरी उंच दिसत होत्या. गल्लीतला प्रत्येक गतिरोधक तिचं पोट घासायचा. तेव्हा मॅडमनी पट्टी घेऊन जळगावातल्या गतिरोधकांची उंची मोजली आणि यादी करून पालिकेला अर्ज दिला. उत्तर आलं नाही, पण आमच्या रस्त्यावरचा सगळ्यांत आडदांड गतिरोधक एका दुपारी गुपचूप छाटला गेला. पालिकेला त्यांनी सहा दिले.

गाडी त्या रोज सकाळी चालवायच्या. वेग फार नसे. एखाद्या मोकळ्या वळणापुरता असे, आणि ते वळण नीट जमलं की दिवसभर खुशीत. अशी दीड-दोन वर्षं गेली.

मग ती बकरी आली. आम्ही धुळ्याला एका लग्नाला निघालो होतो. पारोळा मागे पडलं होतं, नुकतीच सर पडून गेल्यानं रस्ता ओला होता. डाव्या बाजूच्या बाभळींतून बकरी रस्त्यावर आली. मला ती केव्हाची दिसत होती. मॅडमना दिसली नाही, हे मला त्यांनी अगदी शेवटी ब्रेक मारला तेव्हा कळलं. गाडीचा मागचा भाग सुटला, बाभळी माझ्यासमोरून डावीकडून उजवीकडे धावत गेल्या, आणि आम्ही थांबलो ते जळगावकडे तोंड करून. बकरी रस्त्यातच उभी राहून चघळत होती.

"परत निघालो वाटतं आपण," मॅडम म्हणाल्या.  त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"काचबिंदू आहे, चौधरी. निवृत्तीच्या सहा महिने आधी कळलं. समोरचं दिसतं, कडेचं हळूहळू जातं. डॉक्टर म्हणाले, थेंब घालून रेटता येईल, पण गेलेलं परत येणार नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूच्या खुणा आहेत ना..."

"मुंग्यांसाठी मारलेल्या?"

"मुंग्यांसाठी कशाला? मी समोर बघत बसते आणि खडू कडेनं आणते. दिसला की खूण. दर महिन्याला. तिथे एक लाल रेघ आहे. खूण रेघेच्या आत आली की गाडी बंद, असं मी गाडी घ्यायच्या आधीच ठरवलं होतं. आज सकाळी खूण बरोबर रेघेवर होती." त्या बकरीकडे बघत राहिल्या. "काठावरच्या मुलांना मी नेहमी पास करत आले. आज स्वतःला करायला नको होतं. शेजारी तुम्ही होतात."

 त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"मला चालवता येत नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर देतेय. तुमच्याकडे सुरक्षित राहील."

नानाला फोन केला. तो दोंडाईच्याहून येईपर्यंत आम्ही एका टपरीवर बसलो. लग्न हुकलं. नाना आला, त्यानं सगळं ऐकलं, आणि मी त्याला पहिल्यांदा ओरडायचं विसरलेला पाहिलं.

"माले का बरं सांगं नही, अक्का?"

"सांगं आसतं ते तू गाडी लेऊ देता का माले?"

 "नही," नाना म्हणाला. "नसती लेऊ दिनी." मग त्यानं माझ्याकडे हात पसरला. मी किल्ली दिली. तो मोठ्या कष्टानं त्या बुटक्या गाडीत शिरला, आणि दार लावण्याआधी विचारलं, "हाई कशी चालस ते सांग."

त्या पावसाळ्यात मॅडम दोंडाईच्याला राहायला गेल्या. लाल गाडी त्यांच्या आधी गेली. मी मुलाकडे पुण्याला कायमचा निघण्यापूर्वी त्यांना भेटायला गेलो, तर घरात कोणीच नव्हतं. नानाच्या बायकोनं गावाबाहेर पाठवलं. हिवाळ्या-उन्हाळ्यात जिथे मिरची वाळत घालतात ते मुरमाचं मोठं मैदान पावसामुळे रिकामं होतं, आणि त्यात लाल गाडी गोल गोल फिरत होती. मी कडेला छत्री धरून उभा राहिलो. खिडक्या उघड्या होत्या. गाडी समोरून गेली की एक वाक्य ऐकू यायचं आणि पुढचं पुढच्या फेरीला.

"सुटी राहिनी, रम्या. मांगली डावी. उलटं फिराड, हळूच."

गाडी पलीकडे गेली, वळली, आली.

"तुले कसं समजनं? तुना डोया ते बंद शेतस!"

पुन्हा गेली, पुन्हा आली.

"डोयानं कोण पाही राहिनं? पाठनं समजस. सीटले पाठ टेक आनि गप बस."

मी हात वर केला, पण दोघांपैकी कोणी पाहिलं नाही. पुढच्या फेरीला नानानं रेटा जास्त दिला असावा. गाडी माझ्यासमोरून जवळजवळ आडवी गेली. नानाचे डोळे फाटले होते आणि तोंड उघडं होतं. शेजारी मॅडम मान मागे टाकून, डोळे मिटून बसल्या होत्या आणि दोन बोटांनी हवेत डावीकडे, अजून थोडं डावीकडे अशी खूण करत होत्या. गाडी नेमकी कुठे चालली आहे, हे त्या गाडीत एकट्या त्यांनाच माहीत होतं.